आधी पाकीट शोधा

कुत्र्याला द्राक्षं आणि बेदाणे विषारी असतात, ही गोष्ट मी कित्येक वर्षं मानलीच नाही. कुणी म्हटलं की वाद घालायचे आणि मागे हटायचे नाही, कारण माझ्याजवळ डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आज मी नेमकं उलटं सांगते. गावात आणि नात्यात ज्यांनी माझं जुनं बोलणं ऐकलंय, त्यांना हा बदल कसा झाला ते सांगणं माझं काम आहे, म्हणून हे लिहिते आहे.

तासगाव तालुक्यात आमची बाग आहे आणि बागेला लागूनच बेदाण्याचं शेड. फेब्रुवारी लागला की शेड सुरू होतं. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची, जाळ्यांवर पसरायची, गंधकाची धुरी द्यायची, आणि ४ किलो मालाचा साधारण १ किलो बेदाणा होईपर्यंत वाऱ्यावर भिस्त ठेवायची. या सगळ्यात माल खाली सांडतोच. जाळीतून गळतो, क्रेट उचलताना पडतो, चाळताना उडतो. शेडवरची कुत्री तो खातात. थॉमसन असो, सोनाका असो, माणिक चमन असो, त्यांना सगळं चालतं. बागेतही खालच्या घडांना तोंड घालतात. लग्न होऊन आले तेव्हापासून हे पाहत आले. त्यातली काही कुत्री म्हातारी होऊन मेली, काही गाडीखाली गेली, काही कुठे गेली ते कळलं नाही. बेदाण्याने एखादं मेलं असं आमच्या घरात कुणालाही आठवत नव्हतं.

माझी भाची न्यू जर्सीला असते. तिच्या लॅब्रॅडॉरने दिवाळीच्या फराळासाठी आणलेली बेदाण्याची पिशवी फोडली. तिने त्याला रात्रीच दवाखान्यात नेलं, उलटी करवली, दोन दिवस सलाइनवर ठेवलं. खर्च ऐकून मी फोनवर म्हणाले, "अगं, आमच्या शेडवर येऊन बघ. कुत्री रोज ओंजळभर खातात. तिकडच्या डॉक्टरांचं हे खूळ आहे सगळं." ती म्हणाली, "मावशी, तुझं खरं असेलही. पण मला ते नशिबावर सोडायचं नव्हतं." मला ते बोलणं भित्रेपणाचं वाटलं.

माझं दुसरं मत याहून पक्कं होतं. जनावराच्या पोटात भलतंसलतं काही गेलं की पहिलं काम ते बाहेर काढायचं. कसंही करून, घरातच, ताबडतोब. आमच्याकडे त्यासाठी मीठपाणी आणि चिंचेचा कोळ. भांग चढलेल्या माणसाला चिंचेचं पाणी देतात, तेच कुत्र्यालाही. दोघांनी धरायचं, जबडा फाकवायचा, बाटलीने ओतायचं. दवाखाना १४ किलोमीटर लांब, एसटी तासाने, आणि जनावराच्या डॉक्टरांकडे गाईम्हशींची रांग. अशा ठिकाणी ज्याचे हात आधी चालतात तो शहाणा, असं मी समजत होते. ते समजणं वेडेपणाचं नव्हतं. आमच्या आधीच्या पिढ्यांना दुसरा इलाजच नव्हता.

ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत आमच्या कुत्र्याने, टिप्याने, उंदराचं औषध खाल्लं. शेडच्या कोठीत पाकीट फळीवर ठेवलेलं, ते खाली पडलं होतं. निळसर रंगाच्या चौकोनी वड्या असतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त गायब होत्या आणि टिप्याच्या नाकाला निळा चुरा लागलेला. सासऱ्यांनी, आण्णांनी, तांब्यात पाणी घेऊन त्यात मूठभर मीठ टाकलंसुद्धा. माझा मुलगा मात्र तोवर डॉक्टरांना फोन लावून बसला होता. त्याने फोन माझ्या हातात दिला.

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तोंडात काही घालू नका. मीठ तर अजिबात नको. पाकीट हातात घ्या आणि वाचून दाखवा."

पाकीट टिप्याने चावून चोथा केलेलं. तुकडे जुळवून मी वाचलं, ब्रोमॅडिओलोन, ०.००५ टक्के. मग त्यांनी विचारलं, किती वड्या होत्या, किती उरल्या, शेवटचं पाकीट धड कुणी आणि केव्हा पाहिलं. आणि मग, वजन किती? ते कुणालाच माहीत नव्हतं. बेदाण्याच्या १५-१५ किलोच्या पेट्या ज्या काट्यावर भरतो, त्याच काट्यावर मुलाने टिप्याला उभं केलं. १८ किलो भरला. "तासाच्या आतलं आहे ना? मग लगेच निघा. पाकिटाचे सगळे तुकडे आणा."

गाडीत टिप्या खिडकीतून तोंड बाहेर काढून बसला होता. शेपूट हलत होती, नजर तरतरीत होती. आण्णा म्हणाले, "ह्याला काय झालंय? ठणठणीत हाय की. मीठपाण्यानं भागलं असतं." मलाही मनातून तसंच वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी टिप्याच्या हिरड्या पाहिल्या, छाती ऐकली, मग इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने तो ओकला. ट्रेमध्ये भाकरीचे तुकडे, कागदाचा लगदा आणि निळा चुरा. डॉक्टरांनी ते चिमट्याने उलटंपालटं करून नीट पाहिलं आणि पाकिटावरच्या वजनाशी मनातल्या मनात हिशेब केला. सगळं आलेलं नाही, काही पुढे गेलं असणार, असं ते म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या.

हे विष कसं काम करतं ते त्यांनी आण्णांना समजावलं, आणि ते ऐकताना मी पहिल्यांदा गप्प झाले. रक्त गोठायला जे घटक लागतात ते तयार करायला यकृताला के जीवनसत्त्व लागतं. शरीर तेच जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरात आणत असतं. हे औषध तो फेरा बंद पाडतं. पण रक्तात आधीचे घटक शिल्लक असतात, म्हणून कुत्रं दोन-तीन दिवस मजेत खातं, पळतं, भुंकतं. शिल्लक संपली की मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो, कधी छातीत, कधी पोटात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रं मलूल होतं, धापा टाकतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. तोवर खाल्लेलं औषध घरातले लोक विसरूनही गेलेले असतात. हृदयाच्या रोग्यांना रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन देतात, ते याच जातीचं. १९४८ मध्ये अमेरिकेत ते उंदरांचं औषध म्हणूनच बाजारात आलं, माणसांना द्यायला लागले ते नंतर. आत्ता वापरात असलेलं ब्रोमॅडिओलोन त्याहून जोरकस आहे आणि शरीरात कितीतरी जास्त दिवस राहतं. म्हणून उतारा एका इंजेक्शनचा नसतो, गोळ्या काही आठवडे चालतात.

गोळ्या आणायला गेले तेव्हा दुकानदाराने "व्हिटॅमिन के" म्हणून एक पाकीट पुढे केलं. मी ते घेऊन डॉक्टरांकडे आले, तर त्यांनी परत पाठवलं. चिठ्ठीवर त्यांनी के-१ मधल्या एकाखाली रेघ मारलेली होती, आणि दुकानदाराने दिलेलं होतं के-३. नाव एकच, पण या विषावर के-३ चा उपयोग होत नाही. के-१ मिळवायला मुलाला सांगलीला जावं लागलं. ती गोळी स्निग्ध खाण्याबरोबर दिली तर अंगी लागते, म्हणून रोज तूप लावलेल्या चपातीत गुंडाळून दिली. कोर्स संपल्यावर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तपासून घेतलं. गोळ्या चालू असताना तपासलं तर चांगलाच निकाल येतो आणि खरं कळत नाही, म्हणून बंद केल्यावर तपासायचं.

या फेऱ्यांत डॉक्टरांशी बोलणं वाढलं. एकदा मी बेदाण्याचा विषय काढला आणि माझं नेहमीचं म्हणणं मांडलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्या शेडवर इतक्या वर्षांत किती कुत्री मेली?"

मी म्हटलं, "मेली की बरीच."

"कशाने मेली?"

मला उत्तर देता आलं नाही.

तो प्रश्न मी घरी घेऊन आले. शेडवरचं कुत्रं मेलं तर त्याचं शवविच्छेदन कोण करतो? हंगामात एखादं दिसेनासं झालं तर आम्ही म्हणायचो, गेलं असेल कुठे तरी. मूत्रपिंड निकामी झालेलं जनावर बेदाणे खाल्ल्या खाल्ल्या जाळीखाली मरत नाही. आधी ओकतं, मग खाणं सोडतं, दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते, आणि मग ते उसात नाहीतर ओढ्याकाठी जाऊन पडतं. आम्ही पाहत होतो ती सगळी वाचलेली कुत्री. डोळ्यांसमोर तीच राहणार. जी मेली ती मोजायला तिथे कुणी नव्हतं, आणि माझं सगळं छातीठोक बोलणं त्या न मोजलेल्या जागेवर उभं होतं.

मग मी वाचायला लागले. अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेसाठी एक केंद्र आहे, तिथे दिवसरात्र फोन घेतात आणि प्रत्येक फोनची नोंद ठेवतात. त्या नोंदी चाळताना तिथल्या पशुवैद्यांना द्राक्षं-बेदाणे खाऊन मूत्रपिंड निकामी झालेली कुत्री दिसायला लागली, आणि २००१ मध्ये त्यांनी ते पशुवैद्यकाच्या नियतकालिकात छापलं. पण कारण सापडेना. औषधफवारणी असेल, बुरशीचं विष असेल, जड धातू असतील, सगळं तपासून झालं. सेंद्रिय द्राक्षांनीही व्हायचं, घरच्या वेलीच्या द्राक्षांनीही व्हायचं. एक कुत्रं मूठभर खाऊन मरायचं, दुसरं किलोभर खाऊन हिंडायचं. हा विचित्रपणा माझ्या शेडवरच्या अनुभवाशी तंतोतंत जुळत होता, आणि माझा विरोध खरा तिथेच मोडला.

उलगडा झाला तो भलत्याच वाटेने. लहान मुलांना खेळायला घरी मळलेली रंगीत कणीक असते, तिच्यात तिकडे क्रीम ऑफ टार्टर घालतात. ती कणीक खाल्लेल्या कुत्र्याची मूत्रपिंडं द्राक्षं खाल्लेल्या कुत्र्यासारखीच बिघडलेली त्या केंद्रातल्या पशुवैद्यांनी पाहिली. क्रीम ऑफ टार्टर हा टार्टारिक ॲसिडचा क्षार, आणि हे ॲसिड द्राक्षात भरपूर असतं. २०२१ मध्ये त्यांनी हा धागा मांडला. १९५८ साली एका कॉकर स्पॅनियलच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशी आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. त्या पेशींवर टार्टारिक ॲसिड घातलं तर त्या मरतात, माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशी मात्र तगतात, असंही पुढे प्रयोगात दिसलं. द्राक्ष पिकत जातं तसं त्यातलं हे ॲसिड कमी होत जातं, जातीजातीत फरक पडतो, आणि बेदाणा वाळला की उरलेलं पुन्हा दाट होतं. आम्ही बेदाण्याला माल पूर्ण गोड झाल्यावरच तोडतो. आमची कुत्री वाचत आली त्यामागे हेही एक कारण असेल. पण कोणत्या क्रेटमधला कोणता घड कसा, हे कुत्र्याला कळत नाही आणि मलाही कळत नाही.

आणि याच वाचनात चिंच आली. चिंचेचा आंबटपणा आहे तोच मुळी टार्टारिक ॲसिडचा. तिच्या गरात ते ८ ते १८ टक्के असतं, द्राक्षापेक्षा किती तरी जास्त. २०२२ मध्ये त्याच पशुवैद्यांनी चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांची माहिती छापली. आमच्या घरात ज्या कुत्र्याच्या पोटात विष गेलंय त्याला वाचवायला आम्ही वाटीभर चिंचेचा कोळ पाजत होतो. तो मजकूर मी आण्णांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागं खंड्याला पाजला हुता." खंड्या त्या वेळी वाचला नव्हता. तो विषाने गेला की कोळाने, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, आणि मी तो प्रश्न तिथेच ठेवला.

मिठाचंही पाहून घेतलं. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे २ ते ३ ग्रॅम मीठ पोटात गेलं की लक्षणं दिसू लागतात, ४ ग्रॅमच्या आसपास जीव जाऊ शकतो. टिप्याच्या १८ किलोला ३६ ग्रॅम म्हणजे धोक्याची सुरुवात. आण्णांच्या मुठीत तेवढं सहज मावतं. शिवाय मीठपाण्याने उलटी होईलच असं नाही. नाही झाली की माणसं आणखी पाजतात, आणि रक्तात सोडियम चढून मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात. तिकडच्या काही सल्ल्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड सांगितलेलं असतं. ते ३ टक्क्यांचं, वजनाप्रमाणे मोजून, आणि डॉक्टर फोनवर असताना द्यायचं, तरीही जठराला जखमा करणारं. आपल्या औषधाच्या दुकानात बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं जे मिळतं ते ६ टक्क्यांचं असतं. अमेरिकेतला चमचा इथे मोजला तर दुप्पट जातं.

पण माझं मत बदललं ते नुसतं मीठ-चिंचेबद्दल नाही. उलटीच प्रत्येक वेळी योग्य नसते, हे मला सगळ्यात उशिरा पटलं. संडास धुवायचं ॲसिड किंवा रिमोटमधला सेल पोटात गेला असेल तर जाताना एकदा अन्ननलिका भाजलेली असते, उलटीने ती पुन्हा भाजते. रॉकेल, डिझेल, थिनर उलटीबरोबर फुप्फुसात उतरतं, आणि पोटात होतं त्याहून तिथे जास्त घातक ठरतं. कुत्रं गुंगीत असेल, थरथरत असेल, झटके येत असतील, तर त्याच्या तोंडात काहीही ओतणं म्हणजे ते श्वासनलिकेत ओतणं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा धोका आणखी मोठा. आणि वेळ निघून गेली असेल, साधारण दोन तासांवर, तर बहुतेक वस्तू जठरातून पुढे सरकलेल्या असतात. द्राक्षं मात्र पोटात जास्त वेळ रेंगाळतात, म्हणून ती खाल्ली असतील तर उशीर झाला असं धरून घरी बसू नये.

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी झिंक फॉस्फाईडची गोष्ट तर पक्की ध्यानात ठेवावी. ही काळपट भुकटी शेतकरी उंदरांसाठी गव्हाला, पिठाला, भज्यांना लावून बिळापाशी ठेवतात. तिला लसणासारखा, कुजक्या मासळीसारखा वास येतो. जठरातल्या आम्लाशी गाठ पडली की तिच्यापासून फॉस्फिन वायू होतो, आणि मारतो तो हा वायू. कुत्र्याला "पोटात काहीतरी जाऊ दे" म्हणून दूधभाकरी घातली की आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो. कुत्रं ओकलं तर तो वायू आपल्याही नाकात जातो. म्हणून अशा कुत्र्याला गाडीच्या काचा खाली करून न्यायचं आणि डॉक्टरांना दारातूनच सांगायचं, म्हणजे ते त्याला मोकळ्या हवेत घेतील. या विषाला उतारा नाही. वेळच काय ती हाताशी असते.

थिमेटबद्दल फार लिहीत नाही. थिमेट म्हणजे फोरेट हे कीटकनाशक. २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आली, तरी जुन्या डब्यांचं काय झालं हा प्रश्न आहेच. लाळ गळणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, हगवण, अंग थरथरणं, हे दिसलं की घरचा कोणताही इलाज न करता दवाखाना गाठायचा. त्यावरचा उतारा, ॲट्रोपिन, डॉक्टरांकडेच असतो आणि तेच तो टोचू जाणतात.

या सगळ्याने मी घाबरट झाले असं कुणाला वाटेल. माझा अनुभव उलट आहे. नीट माहिती असली की भीती जागच्या जागी राहते. शेजारच्या मुलीच्या कुत्र्याने २० ग्रॅमचं दुधाचं चॉकलेट खाल्लं तेव्हा ती रडत आली. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याला बाधतं, पण दुधाच्या चॉकलेटमध्ये ते ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम. तिचं कुत्रं २० किलोचं. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास त्रास दिसू लागतो, इथे जेमतेम २ गेलेलं. डॉक्टरांनी फोनवरच हा हिशेब केला आणि पाणी ठेवा, लक्ष ठेवा म्हणाले. तेच जर तिने केकसाठी आणलेली १०० ग्रॅम कोको पावडर कुत्र्याने खाल्ली असती, तर झटके येण्याइतकं विष झालं असतं. आणि बिनसाखरेच्या च्युइंगमचं पाकीट असतं तर डॉक्टरांनी तिला तिथूनच गाडीत बसवलं असतं, कारण त्यातलं झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या तासात खाली आणू शकतं. काय, किती, केव्हा, आणि वजन. ही चार उत्तरं हातात नसतील तर डॉक्टरही आंधळेपणाने काम करतात.

काही विषं आपण स्वतःच्या हाताने देतो. कुत्र्याला ताप आला म्हणून पॅरासिटामॉल, लंगडतंय म्हणून आयबुप्रोफेन. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळी जीव घ्यायला पुरते. आणि बागायतदारांनो, एरंडी पेंड. सेंद्रिय म्हणून आपण ती पोत्याने आणून झाडांच्या बुडाशी टाकतो. तिचा वास कुत्र्याला आवडतो आणि ते खणून खातं. नीट न तापवलेल्या पेंडीत रिसिन शिल्लक राहतं, एरंडाच्या बियांतलं तेच विष. आम्ही आता ती टाकल्या टाकल्या मातीआड करतो आणि पोती कोठीत कुलूपबंद ठेवतो.

घरात आता काही गोष्टी नेमाने होतात. टिप्याचं वजन दर छाटणीला करून कोठीच्या दारामागे खडूने लिहिलेलं असतं, त्याखाली तालुक्याच्या डॉक्टरांचा नंबर, आणि ते नसतील तर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा. सरकारी फिरत्या दवाखान्याचा १९६२ हाही लिहिला आहे, जरी तो मुख्यतः गुरांसाठी असला तरी. औषध सुटं, पुडीत बांधून कधीच घेत नाही. कीटकनाशकाच्या लेबलावर कायद्याने रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, आणि आतल्या कागदावर विषबाधेची लक्षणं व उताऱ्याचं नाव असतं. पुडीवर यातलं काही नसतं. पाकिटाचा कोपरा फाडताना नावावरून कात्री जाणार नाही इतकं मी गड्यांनाही बजावते. कुत्र्याने खाल्लेलं ओकलं असेल तर ते पुसून टाकायचं नाही, पिशवीत घालून बरोबर न्यायचं.

भाचीला मी फोन केला. तिने दोन दिवस सलाइन का लावलं होतं ते मला आता माहीत होतं. मूत्रपिंडातून पाणी वाहतं ठेवायचं, क्रिएटिनिन रोज तपासायचं, कारण एकदा लघवी बंद झाली की डायलिसिसवाचून फारसं काही हातात राहत नाही, आणि ती सोय आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी. मी तिला म्हटलं, तू केलंस ते बरोबर होतं. ती एवढंच म्हणाली, "मावशी, तुझ्या टिप्याचं सांग." मग आम्ही टिप्याबद्दल बोललो.

आण्णा अजून पूर्ण माझ्या बाजूचे नाहीत. चिंच त्यांनी सोडली, मीठ सोडलं, पण शेडवरच्या मोकळ्या कुत्र्यांना बेदाण्यापासून लांब ठेवणं त्यांना जमण्यासारखं वाटत नाही. त्यात तथ्य आहे. तरी या हंगामात आम्ही जाळ्यांखाली ताडपत्री घातली, सांडलेला माल रोज संध्याकाळी गोळा करून झाकणाच्या ड्रममध्ये टाकला, आणि मजुरांना सांगितलं की कुत्र्यांना कौतुकाने बेदाणे टाकू नका, त्याऐवजी भाकरी टाका. भाकरी मी देते. आणि एक वही ठेवली आहे. शेडवर कोणती कुत्री आहेत, कोणतं ओकलं, कोणतं खाईना झालं, कोणतं दिसेनासं झालं, तारखेसकट. हंगामात एखादं मेलेलं सापडलं तर त्याची मूत्रपिंडं तपासायला पाठवायची, असं डॉक्टरांनी कबूल केलंय. शेजारच्या दोन शेडवाल्यांनीही वही ठेवायचं मान्य केलं आहे. बाकीच्यांशी बोलणं चालू आहे.